हायवेवर गाडी थांबवायला लावणाऱ्या अतरंगी गोष्टी

पारसिकचा पाहुणा | शुक्रवार, रात्री ९.५०

मंडळी, अमेरिकेत लोक गाड्या घेऊन लांब लांब भटकायला लागले तेव्हा रस्त्याकडेच्या गावांनी आणि दुकानदारांनी गिऱ्हाईक थांबावं म्हणून काय काय उभं केलं, ते वाचत बसलो होतो. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीत सुतळीचा भलाथोरला गोळा आहे. १९५३ मध्ये एका शेतकऱ्याने गुंडाळायला घेतला, गाव अजून गुंडाळतंय. साउथ डकोटातल्या मिचेल गावात एक अख्खं सभागृह मक्याच्या कणसांनी मढवलेलं असतं. टेक्सासात अमरिलोजवळ दहा कॅडिलॅक गाड्या नाकाने जमिनीत पुरल्यात, १९७४ पासून. लोक वाकडी वाट करून जातात आणि त्यांच्यावर स्प्रेने रंग मारून येतात.

आता आपल्या ठाणे-नवी मुंबईकडे बघा. नाशिकचा रस्ता माजिवड्यातून, गुजरातचा घोडबंदरवरून, पुण्याचा कळंबोलीतून, गोव्याचा पळस्प्यातून, आणि आता नागपूरचा समृद्धी आमण्यातून. निम्मा महाराष्ट्र आपल्या दारावरून जातो. पण 'हे काय उभं केलंय बुवा' म्हणून ब्रेक दाबावा असं एक तरी ठिकाण आहे का? माझ्या मते आपल्याकडे या बाबतीत कल्पकतेचा दुष्काळ आहे. प्लास्टिकच्या माळा, एलईडीचं झाड आणि 'फॅमिली रूम'ची पाटी, संपलं.

उदाहरणं द्या. देवळं, किल्ले, धबधबे नकोत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं म्हणूनच बांधलेलं काहीतरी सांगा.

तुर्भ्याचा तुका | रात्री १०.०२

एलईडीचं झाड, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). नारळाचं असतं ते. निळं खोड, हिरव्या झावळ्या, त्यातली एक झावळी कायम बंद.

खादाड खारघर | रात्री १०.१०

आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्या धूत बसलेला पोऱ्या.

धागा छान. बसतो इथेच.

पळस्पे पॅसेंजर | रात्री १०.१५

पळस्पे फाट्याचं दत्त स्नॅक्स. वडा, कोकम सरबत. विषय संपला. कुणी काही उभं केलेलं नाही तरी गोव्याची आणि पुण्याची गाडी आपोआप डावीकडे वळते.

पारसिकचा पाहुणा | रात्री १०.१९

@पळस्पे पॅसेंजर, खाणं बाद. नाहीतर हा धागा वडापाव, मिसळ आणि 'आमच्या वेळी' यातच जाईल.

खादाड खारघर | रात्री १०.२१

मराठी संस्थळावर खाणं बाद? शुभेच्छा.

लालपरी | रात्री १०.४०

नोकरी एसटीत झाली, म्हणून सांगतो. गाडी कुठे थांबणार हे प्रवासी ठरवतच नाही, त्यामुळे त्याला भुलवायला पुतळा उभारून उपयोग शून्य. एसटीचे थांबे अधिकृत असतात. हॉटेलाशी करार असतो, ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायची योजनाही आहे. (पाटी कुठे लावलेली असते ते विचारू नका, मिठाच्या पोत्यामागे शोधा.) खाजगी बसचं गणित वेगळं. तिथे ड्रायव्हर-क्लीनरचं टेबल आत असतं, त्यांना गरम भाकरी मिळते, आणि बाहेर पन्नास माणसं गार समोशासाठी रांग लावतात. हॉटेलवाल्याने गळ टाकायचा तो ड्रायव्हरला. तुम्ही म्हणताय ते सगळं स्वतःची गाडी असलेल्यांसाठी. ती माणसं आपल्याकडे आता आता वाढली.

मानपाड्याची मंजू | रात्री ११.०५

लालपरी काकांचा मुद्दा पटला. अमेरिकेत घरटी गाडी आधी आली, आपल्याकडे आधी बस आली. म्हणून तिकडे रस्त्यावर डायनोसॉर आणि आपल्याकडे ड्रायव्हरची भाकरी.

पण पाहुणेसाहेब, खाणं बाद करू नका. तुमच्या अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पाण्याचं आहे. साउथ डकोटात वॉल नावाच्या खेड्यात हस्टेड नावाच्या नवराबायकोने १९३१ मध्ये औषधाचं दुकान घेतलं. मंदीचा काळ, पाच वर्षं दुकानात माशा मारल्या. १९३६ च्या उन्हाळ्यात बाईंच्या डोक्यात आलं की समोरच्या रस्त्यावरून जाणारी माणसं उन्हाने करपलेली असतात, त्यांना बर्फाचं पाणी फुकट देऊ. रस्त्यावर पाट्या लावल्या आणि गाड्या थांबायला लागल्या. ते दुकान आज एवढं पसरलंय की आत उपाहारगृह, कपडे, बाहेर ८० फुटी डायनोसॉर असं सगळं आहे, आणि पाणी अजून फुकट.

आता आपलं मॅप्रो आठवा, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं. बाग, फुलं, आणि आत छोट्या छोट्या प्याल्यांत सरबत चाखायला. जांभूळ घ्या, आलं-लिंबू घ्या, स्ट्रॉबेरी क्रश घ्या. लोक गटागटाने पाचपाच चवी घेतात आणि मग लाजेकाजेस्तव दोन बाटल्या उचलतात. लोणावळ्याचा चिक्कीवालासुद्धा आधी तुकडा हातावर ठेवतो, मग भाव सांगतो. युक्ती तीच. आपल्या माणसाला पुतळा दाखवून थांबवता येत नाही, चव दाखवून येतं.

पारसिकचा पाहुणा | रात्री ११.१२

हे मान्य, कारण यात डोकं लावलंय. नुसता 'वडा चांगला' हा निकष नको, एवढंच म्हणणं.

आगरी दादूस | रात्री ११.३०

चव दाखवाची त आमचे कोलीवाऱ्यान या. पुतला नको, पाटी नको, वासावं थांबशील.

घणसोलीची माई | शनिवार, सकाळी ६.५५

सकाळी उठून बघते तर एवढे प्रतिसाद! माझ्याकडून रसवंती गृह घ्या. खाणं नाही, पेय आहे, आणि गिऱ्हाईक अडवायची युक्ती पक्की आहे.

चरकाला घुंगरू बांधलेले असतात. चरक फिरला की ते वाजतात. दुकान दिसायच्या आधी कानाला कळतं की रस निघतोय. उन्हाळ्यात पनवेलच्या जुन्या रस्त्याला आम्ही फटफटीवरून जायचो तेव्हा 'हे' दरवेळी म्हणायचे, आज थांबायचं नाही, उशीर झालाय. घुंगरू वाजले की स्वतःच गाडी झाडाखाली घ्यायचे. आता विजेची मोटर आहे, बैल नाही, तरी घुंगरू काढलेले नाहीत कुणी.

आणि नावं बघा, नवनाथ नाहीतर कानिफनाथ. पुरंदर तालुक्यातल्या माणसांनी हा धंदा गावोगाव नेला. तिकडे बोपगावला कानिफनाथांचं ठाणं आहे, म्हणून पाटीवर देव.

सानपाडा सायडिंग | सकाळी ८.१०

माई, क्या बात है! आणि आता उलटी गंमत बघा. मधे मोटर आली म्हणून बैल गेला, आता हायवेला मुद्दाम बैल आणून 'लाकडी घाण्याचा रस'. नाशिक रस्त्याला, पुणे-सातारा रस्त्याला दिसतात. एक बैल, एक गोल वाट, मुलं घाण्याच्या दांड्यावर बसून फोटो काढतात. सोय नव्हती म्हणून जे चालायचं तेच आता आकर्षण. बैलाचं काय मत आहे ते कुणी विचारलेलं नाही.

खादाड खारघर | सकाळी ८.३४

'चुलीवरचं' हेही त्यातलंच. चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरचा चहा. परवा चुलीवरचा पिझ्झा पाहिला.

पण धागाकर्त्याला हवंय ते ठिकाण माझ्याकडे आहे. जुन्या पुणे रस्त्यावर वडगाव मावळला शिवराज हॉटेल. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी 'बुलेट थाळी' काढली. चार किलोचं मांसाहारी ताट, साठ मिनिटांत एकट्याने संपवा आणि रॉयल एनफिल्ड बुलेट घेऊन जा. किंमत अडीच हजार. नुसता फलक नव्हता, कोऱ्या करकरीत बुलेट हॉटेलच्या व्हरांड्यात ओळीने उभ्या केल्या होत्या. रस्त्यावरून दिसायच्या. टाळेबंदीनंतर गिऱ्हाईक परत यावं म्हणून काढलेली शक्कल, आणि एकाने खरंच जिंकलीही.

सांगा आता, कल्पकतेचा दुष्काळ आहे?

तुर्भ्याचा तुका | सकाळी ८.४१

चार किलो खाऊन बुलेटवर बसवत नाही, हीच त्यातली मेख.

वाकडी वाट | सकाळी ९.२०

व्याख्येवर एक शंका. 'मुद्दाम थांबवायला बांधलेलं' हा निकष लावला तर तुमच्या अमेरिकन यादीतलंही निम्मं गळेल. ओक्लाहोमात कटूसाजवळ, जुन्या रूट ६६ च्या कडेला तळ्यात एक निळा देवमासा आहे, सिमेंटचा. सत्तरच्या दशकात एका गृहस्थाने लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला भेट म्हणून बांधला. जाणारे येणारे पोहायला यायला लागले आणि ते ठिकाण होऊन बसलं. ज्या कॅडिलॅक तुम्ही सांगितल्यात त्याही कलाकारांच्या एका गटाने पुरल्या, हॉटेलवाल्याने नाही.

उलट आपल्याकडे जोधपूर-पाली रस्त्यावर ओम बन्नांचं बुलेट मंदिर घ्या. १९८८ चा अपघात, काचेत ठेवलेली मोटरसायकल, लोक फुलं वाहतात, दारूची बाटली चढवतात. ते कुणी गिऱ्हाइकासाठी बांधलं नाही, पण आज आजूबाजूला हारवाले, फोटोवाले, चहावाले यांची रांग आहे. देवळं बाद केलीत तर भारतातला निम्मा विषय संपला. आमच्याकडे थांबायचं कारण आधी देव असतो, मग चहा.

पारसिकचा पाहुणा | सकाळी ९.३१

बुलेट मंदिर चालेल. सोमाटण्याचा बिर्ला गणपती नाही चालणार. तो ७२ फुटी असला तरी भक्तीसाठी उभा आहे.

मानपाड्याची मंजू | सकाळी ९.३३

निकष बघून निकाल की निकाल बघून निकष? :)

फायबरवाला पेणकर | सकाळी ११.१५

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो, कारण हा माझ्या पोटाचा विषय. घर पेणचं, गणपतीचं काम पिढीजात. गेली काही वर्षं गणपतीचा हंगाम सोडून उरलेल्या महिन्यांत हॉटेलं, रिसॉर्ट, ढाबे यांची फायबरची कामं करतो. तुम्ही ज्याला अतरंगी म्हणताय ते आमच्याकडून जातं.

सगळ्यात जास्त मागणी बैलजोडीला. मग बैलगाडी, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, पगडीवाला नमस्कार करणारा माणूस, मावळा. घाटाखालच्या फार्महाऊसवाल्यांना जिराफ आणि गोरिला हवा असतो, का ते मला अजून कळलेलं नाही. एका ढाबेवाल्याने स्वतःचाच पुतळा मागितला होता, हातात तंदूरची सळई घेतलेला. बनवून दिला. मिशा तीनदा बदलल्या.

काम कसं होतं ते सांगतो. आधी मातीत नाहीतर थर्माकोलात मूळ आकार. त्याच्यावरून साचा. साच्याच्या आतून पहिला हात जेलकोटचा, तो वरची कातडी. मग मॅटचे, म्हणजे काचतंतूच्या कापडाचे, तुकडे अंथरायचे आणि रेझिनमध्ये हार्डनर घालून ब्रशने ठोकत बसायचं, हवा राहू द्यायची नाही. हार्डनर जास्त झाला तर डबा हातातच तापतो. असे थर चढवून तुकडे सुटे काढायचे, आत लोखंडी अँगलचा सांगाडा, मग जोडणी, लांबी (पुट्टी), घासकाम, आणि वरून गाडीला मारतात तो रंग. बैल आतून पोकळ असतो, चार माणसं आरामात उचलतात.

गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, लाल रंग उन्हाने आधी उडतो. तीन पावसाळे गेले की पगडी गुलाबी होणार, मग माझ्या नावाने ओरडू नका. दोन, पाया. पोकळ वस्तूला वारा धरतो. खाली काँक्रीटमध्ये बोल्ट घेतले नाहीत तर पहिल्या वादळात तुमचा मावळा शेजारच्या पंपावर.

आणि कल्पकतेचं म्हणाल तर, नवीन काही सुचवलं की मालक म्हणतो, 'अमक्याच्या दारात आहे तसंच द्या.' म्हणून सगळीकडे तेच बैल दिसतात. साचा एकच आहे हो.

तुर्भ्याचा तुका | सकाळी ११.२०

मिशा तीनदा बदलल्या _/\_

अनामिक ऐरोली | सकाळी ११.२८

प्रतिसाद ऑफ द धागा. आता कुठल्याही ढाब्यावर बैल दिसला की ओळखीचा वाटणार.

घणसोलीची माई | सकाळी ११.४०

पेणकर, फार सुंदर लिहिलंत. लिहिते राहा.

रस्त्याचा माणूस | दुपारी १२.५०

मी रस्ते बांधणीत आहे, म्हणून थोडा रसभंग. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. शंभर मीटरवरून बैल दिसला तर बघणे, ठरवणे, आरसा पाहणे, लेन बदलणे याला साडेतीन सेकंद. म्हणून या वस्तू अवाढव्य लागतात आणि म्हणून पाट्या मैलभर आधीपासून लागतात. जुन्या घाटरस्त्यावर गाडी चाळीसने चालायची, तिथे घुंगरू पुरत होते.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर तर प्रश्नच मिटला. २००२ मध्ये पूर्ण झाला, ९४ किलोमीटर, दोन्ही बाजूंना कुंपण, उतरायचं तर ठरलेल्या ठिकाणी. तिथे मालक फूड मॉलचा, बाकी कुणी तुम्हाला भुलवूच शकत नाही. समृद्धीही तसाच. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला उघडला, ७०१ किलोमीटर सलग. सुरुवातीला लोक बोंबलत होते की वाटेत धड चहा मिळत नाही. कारण हेच.

जिथे कुंपण नाही तिथे दुसरा त्रास. पलीकडच्या बाजूची गिऱ्हाइकं यावीत म्हणून काही ढाबेवाले रातोरात दुभाजक फोडतात. आम्ही बुजवतो, ते फोडतात. नाशिक रस्त्यावर अशा फटीतून वळणारी गाडी आणि मागून येणारा कंटेनर, हे मी पाहिलंय, वर्णन करत नाही. आणि मोठं काही उभारायचं तर घाटकोपर विसरू नका. १३ मे २०२४, १२० बाय १२० फुटांचा फलक, १७ माणसं गेली. त्यानंतर आपल्या दोन्ही शहरांत फलकांची तपासणी झाली. पेणकर पायाचं बोलले ते सोन्यासारखं.

अमेरिकेतही हे फार वाढलं तेव्हा १९६५ मध्ये कायदा करून महामार्गाकडेच्या फलकांना लगाम घातला.

लालपरी | दुपारी १.०५

दुभाजकाबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

बायपासग्रस्त | दुपारी २.३०

आयडी उगाच घेतलेला नाही. आमच्या काकांचं जुन्या पुणे रस्त्याला, खोपोलीच्या अलीकडे, चहा-भजीचं छप्पर होतं. घाट चढायच्या आधी ट्रकवाले रेडिएटरमध्ये पाणी भरायला थांबायचे. काकांनी रस्त्याकडेला मोठा सिमेंटचा हौद बांधला होता, त्यावर लाल अक्षरांत 'पाणी फुकट, चहा गरम'. मंजूताई, तुमची ती साउथ डकोटाची बाई आमच्या काकांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण डोकं सारखंच चाललं. रात्री हौदाभोवती पाचसहा ट्रक, बादल्यांचे आवाज, बॉनेटमधून वाफ, आणि आत काकू घाणा काढतेय. काका कधी गिऱ्हाइकाला बोलवायचे नाहीत. 'पाण्याला आला तो चहाला येतोच' म्हणायचे.

एक्स्प्रेस-वे झाला आणि वर्षभरात छप्पर ओस पडलं. पुतळा उभारला असता तरी काय झालं असतं, बघायला गाडी तर यायला हवी. आता त्या रस्त्याला दुचाकीवाले असतात, कारण त्यांना वरच्या रस्त्याला बंदी. ते दत्तला आणि खोपोलीतल्या वडेवाल्यांकडे थांबतात. काकांना ते गिऱ्हाईक मिळेपर्यंत उशीर झाला. हौद आहे अजून, त्यात कुणीतरी भंगार टाकलंय.

यावरून ऑस्ट्रेलियाचा किस्सा. गोलबर्न गावात १९८५ मध्ये १५ मीटर उंच काँक्रीटचा मेंढा बांधला, आत दुकान. १९९२ मध्ये महामार्गाने गावाला वळसा घातला. गिऱ्हाईक आटलं. मग २००७ मध्ये त्यांनी तो अख्खा मेंढा उचलून नव्या रस्त्याच्या फाट्याजवळ नेऊन ठेवला!

तुर्भ्याचा तुका | दुपारी २.३६

मेंढा बायपासला गेला म्हणजे पुनर्वसन झालं. आमचं प्रकल्पग्रस्तांचं अजून चालूच आहे.

आगरी दादूस | दुपारी २.४०

तुका, बराबर बोललास भावा. मेंढ्याला फाट्यावं जागा भेटली.

सानपाडा सायडिंग | दुपारी ३.१५

बायपासग्रस्त, काकांचा हौद म्हणजे धाग्याचं खरं उत्तर आहे. आता घाटातल्या 'मिसिंग लिंक'ने (एक्स्प्रेस-वेचा नवा बोगद्यांचा तुकडा) लोणावळा-खंडाळाही बाजूला पडतात. चिक्कीवाल्यांनी मेंढ्याची चाकं तपासून ठेवावीत.

शहापूरचा सातबारा | दुपारी ४.००

कुणी कसं बोललं नाही अजून? आपल्याकडची सगळ्यात मोठी रस्त्याकडेची शोभा म्हणजे प्लॉटवाल्यांची कमान! मुरबाड, शहापूर, कर्जत, नेरळ, कुठेही जा. दोन हत्ती सोंड वर करून, मधे रोमन खांब, वर सोनेरी घोडे, कारंजं, गुरख्याला बँडवाल्यासारखा कोट. आत गेलं की लाल मुरमाचा रस्ता, चुन्याच्या रेघा आणि गवत खाणाऱ्या दोन म्हशी. म्हशी मूळ मालकाच्या.

आमच्या गावाजवळच्या एका कमानीचा मी साक्षीदार. कमान बांधायला चार महिने लागले, वीज आणि पाणी 'प्रस्तावित'. नेहमीचं पाहिलंय, रविवारी मुंबईची कुटुंबं येतात, कमानीखाली फोटो काढतात, छत्रीखाली बसून वडापाव खातात (तो फुकट, पुन्हा तीच युक्ती), आणि टोकन देऊन जातात. कमान आता भेगाळली. हत्तीच्या सोंडेत मधमाश्यांनी पोळं केलंय.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर १८८१ मध्ये जेम्स लॅफर्टी नावाच्या जमीनवाल्याने सहा मजली हत्ती बांधला, लाकूड आणि पत्र्याचा. गिऱ्हाइकाला आतल्या जिन्याने अंबारीत न्यायचं आणि वरून प्लॉट दाखवायचे. तो हत्ती अजून उभा आहे, लूसी म्हणतात. आपल्या हत्तींचं काय होईल ते दहा वर्षांनी सांगतो.

पारसिकचा पाहुणा | दुपारी ४.१२

सातबारा, जिंकलंत. कमान पहिल्या क्रमांकाला. घोडबंदर रोडला तर ही ओळीने आहेत, नुसतं विक्री कार्यालय बघितलं तरी रोमला आल्यासारखं वाटतं.

अनामिक ऐरोली | दुपारी ४.२०

घोडबंदरचं नाव काढलंत म्हणून विचारते, फाउंटन हॉटेलच्या नाक्याला आत्ता किती गर्दी आहे? सात वाजता वसईला पोचायचंय.

तुर्भ्याचा तुका | दुपारी ४.२२

सातला पोचायचं तर सकाळी निघायला हवं होतं.

मानपाड्याची मंजू | दुपारी ४.४५

अहो हॉटेलच्या नावावरून आख्खा नाका ओळखला जातो, याहून मोठं यश काय? तिथे गाडी थांबतेच. थांबवायला काही बांधावं लागत नाही.

संपादक मंडळ | सायंकाळी ५.००

टोल, खड्डे आणि मुंबई-गोवा महामार्ग कधी पूर्ण होणार यावर स्वतंत्र धागे आहेत. तसे सहा प्रतिसाद हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

आगरी दादूस | सायंकाळी ५.०३

खड्डा पण गारी थांबवतंय, त्यो विषयाला धरूनच हाय.

वाकडी वाट | सायंकाळी ६.३०

दोन जागा नोंदवून ठेवतो. एक, बडोद्याला तरसाळी बायपासवर खऱ्या एअरबसमध्ये हॉटेल आहे, २०२१ पासून. घोडबंदरवरून गुजरातला जाणाऱ्यांनी पोरांना घेऊन जा. जेवणासाठी म्हणत नाही, पोरं बोर्डिंग पास घेऊन भलतीच खूश होतात म्हणून.

दुसरी माझी लाडकी. शिर्डीला जाताना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' संग्रहालय. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत जे झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक सापडतात त्यांचा संग्रह. बाहेरून कारखान्यासारखं दिसतं, लोक सुसाट पुढे जातात. आत हिरव्या आणि गुलाबी स्फटिकांचे असे झुपके आहेत की दगड आहेत यावर विश्वास बसत नाही. हे थांबवायला बांधलेलं नाही, पण थांबा.

रस्त्याचा माणूस | सायंकाळी ६.४४

गारगोटीला +१. बोगदे खणताना आमच्या कामगारांना असे खडे मिळतात, डब्यात घालून घरी नेतात.

खादाड खारघर | सायंकाळी ७.१०

कुणी लोणावळ्यातल्या मेणाच्या पुतळ्यांचं बोललं नाही. एका ठिकाणी गेलो होतो, पुतळ्याखालचं नाव झाकून बायकोला ओळखायला लावलं. क्रिकेटपटूचा नट झाला, नटाचा पंतप्रधान झाला. पैसे वसूल.

पारसिकचा पाहुणा | रात्री ८.००

बरं, मूळ प्रश्नाकडे. एवढं वाचूनही माझं म्हणणं थोडं शिल्लक आहे. घुंगरू, हौद, सरबत, बुलेट, कमान, सगळं मान्य. पण आपल्या दोन शहरांची खूण पटेल असं रस्त्यावर काहीच नाही. 'आय लव्ह अमुक' अशी लाल बदामाची अक्षरं प्रत्येक तलावाकाठी आहेत, ती धरत नाही. नेरुळच्या वंडर्स पार्कात जगातली सात आश्चर्यं आहेत, पण ती आत, तिकीट काढून, आणि सातही दुसऱ्यांची. तुमच्या हातात असतं तर कुठे काय उभं केलं असतंत?

घणसोलीची माई | रात्री ८.१५

खारेगावला खाडीवर मोठा मुशी मासा. आमच्या सासूबाई तिथूनच मासळी आणायच्या.

तुर्भ्याचा तुका | रात्री ८.१७

माजिवड्याला ब्रेक दाबलेला पाय. तीस फुटी. बाटाची चप्पल.

लालपरी | रात्री ८.२५

कळंबोलीला मॅकडोनाल्डसमोर 'पाच मिनिटांत पोचतोय' म्हणणाऱ्या मित्राचा पुतळा. पुण्याला जाणारे सगळे तिथेच त्याची वाट बघत उभे असतात.

बायपासग्रस्त | रात्री ८.३१

आमण्याला, समृद्धी सुरू होतो तिथे, पाण्याचा हौद. पाणी फुकट, चहा गरम. कुंपणाच्या आत जागा मिळाली तर चालवायला मी तयार आहे.

मानपाड्याची मंजू | रात्री ८.३८

बायपासग्रस्त, खरंच निविदा भरा. आम्ही येऊ.

अनामिक ऐरोली | रात्री ९.२०

फाउंटनलाच आहे अजून. वाचायला भरपूर वेळ मिळाला, धन्यवाद.

माझं मत फ्लेमिंगोला. ऐरोलीच्या पुलाशी खाडीत खरे येतात, त्यांच्याकडे बघत उभा असलेला चाळीस फुटी. महापालिका ऐकणार नाही, म्हणून निदान बाल्कनीत तीन फुटी ठेवेन म्हणते. पेणकर, करून द्याल का? साधारण किती होतील?

फायबरवाला पेणकर | रात्री ९.४८

देईन की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त दोन्ही पाय टेकलेला चालेल की एक पाय वर घेतलेला हवा, ते कळवा. एका पायावरच्याला आत पाइप घालावा लागतो, दर वाढतो. आणि बाल्कनीत वारा कुठून येतो तेही लिहा.